परातीतल्या गोळ्या

प्रति,
चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभा, घेणारे पाळक व सुवार्तिक, आणि त्यांना मैदान, मांडव, माईक मिळवून देणारे आमच्या मंडळ्यांचे (चर्चचे) वडील, म्हणजे वडीलधारे कारभारी

सप्रेम सलाम.

गेल्या उन्हाळ्यातल्या तीन दिवसांच्या सभेला मी आले होते. शेवटच्या रात्री मागून तिसऱ्या रांगेत बसले होते. गुडघ्यांमुळे मला कडेची खुर्ची लागते. स्टेजच्या पायऱ्यांपाशी एक जर्मलची परात मांडलेली होती. मला वाटलं दानाची असेल. गाणी झाली, वचन झालं, आवाज चढत गेला आणि मग माईकवरून हाक आली: ज्यांचा विश्वास आहे त्यांनी आपापली औषधं आणून इथे टाकावीत, उद्यापासून त्यांची गरज नाही.

लोक उठले. आधी दोघं-तिघं, मग रांगच लागली. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. गोळ्यांच्या पट्ट्या मला लांबून ओळखू येतात. रक्तदाबाच्या होत्या, थायरॉईडची बाटली होती, दम्याचा पंप होता, इन्सुलिनचं पेन होतं. एका मुलीने फिटच्या गोळ्या टाकल्या. तिची आई दंडाला धरून तिला पुढे ढकलत होती. एका साठीच्या माणसाने टीबीच्या गोळ्यांचं सरकारी पाकीट टाकलं, हात जोडले आणि रडत मागे फिरला. कुणीतरी हालेलूया म्हटलं. सवयीने मीही म्हटलं असेन.

सभा उठल्यावर मी परातीपाशी गेले. स्वयंसेवक मुलगा सतरा-अठराचा, ओळखीतला. म्हटलं, बाळा, हे इन्सुलिन कुणाचं ते शोधू या का, रात्रीचा डोस राहिला असेल त्यांचा. तो म्हणाला, "मावशी, हे आता जाळायचंय."

मी शोधाशोध केली, ते पेन कुणाचं ते कळलं नाही. टीबीवाले काका मात्र सापडले, कारण ते आमच्याच बाजूच्या वस्तीतले निघाले. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

मी कोण, हे आधी सांगायला हवं, नाहीतर "ही कुणी नास्तिक बाई" म्हणून पत्र बाजूला पडेल. माझ्या पणजीला १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं होतं. तिथून पुढे आमच्या घरात चार पिढ्या उपासना चुकलेली नाही. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आई मंडळीच्या गायनात. मी परिचारिका झाले तीही मिशनच्या दवाखान्यात शिकून. ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटचा हात धरून मी शेकडो वेळा प्रार्थना केली आहे. "सिस्टर, तुमचं ते म्हणा ना," असं म्हणणाऱ्या माळकरी आज्या मी पाहिल्या आहेत. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलेली माणसं पुढे दोन-दोन वर्षं जगलेली पाहिली आहेत, त्याचा उलगडा मला करता येत नाही, आणि करायचाही नाही. देव बरं करतो असं मी मानते. तुमच्याशी माझा वाद तिथे नाहीच.

वाद परातीशी आहे.

टीबीचं घ्या. साध्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी होते, माणूस घाबरतो, त्याला समजवावं लागतं. मग महिन्या-दीड महिन्यात ताप जातो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन धरतं. माणसाला वाटतं आपण बरे झालो. सगळ्यात मोठा धोका नेमका इथे असतो, कारण जंतू मेलेले नसतात, दबलेले असतात. गोळ्या सोडल्या की ते पुन्हा उठतात, आणि त्यातले काही औषधाला न जुमानणारे होऊन उठतात. मग साध्या गोळ्या चालत नाहीत, उपचार लांबतात, जास्त त्रासाचे होतात, आणि घरातल्या लहान पोरांना लागण झाली तर तीही त्याच हट्टी जंतूंची.

ते काका तिसऱ्या महिन्यात होते. सभेच्या दिवशी त्यांना बरं वाटत होतं, हे शंभर टक्के खरं आहे. प्रार्थनेनंतर आणखी बरं वाटलं, हेही खरं. त्यांनी माईकवर जी साक्ष दिली तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांच्यामध्ये तीन महिन्यांच्या गोळ्या शिल्लक होत्या, आणि त्या परातीत होत्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंना घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन तास बसलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मध्ये एकच दिवस गेला. काका एवढंच विचारत राहिले, "सिस्टर, गोळ्या घेतल्या म्हणजे मी देवाला खोटं पाडलं का?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडी कुठून आला? पवित्र शास्त्रात तो मला कुठेच सापडत नाही. उलट काय सापडतं पाहा.

हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, देवाने ऐकली, पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं. हा वृत्तान्त तुम्ही सगळे सांगता. त्याच्या शेवटाकडचं एक वाक्य मात्र सभेत कुणी वाचत नाही: यशयाने सांगितलं, अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा. म्हणजे वचन आधी मिळालं आणि लेप त्यानंतर. देवाने शब्द दिलेला असताना संदेष्ट्यानेच औषध लावायला लावलं. पौलाचा सहकारी तीमथ्य याला पोटाची तक्रार होती, वरचेवर आजारी पडायचा. पौलाने त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला तर पौल आजारी अवस्थेत मिलेत इथे ठेवून पुढे गेला. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत असत, तोच हा पौल. त्याच्या सोबतीला लूक होता, आणि त्याला तो "प्रिय वैद्य" म्हणतो. "माजी वैद्य" म्हणत नाही.

तुम्ही आसा राजाचा दाखला द्याल. एका सभेत मी तो ऐकलाही आहे. पायाला रोग झाला तेव्हा आसा वैद्यांकडे गेला आणि मेला, म्हणून डॉक्टर वाईट. पण ओळ नीट वाचली तर दोष वैद्यांकडे जाण्याचा नाही, परमेश्वराकडे न जाण्याचा आहे. दोन्हीकडे जाणाऱ्याला तिथे कुणी काही म्हटलेलं नाही.

आणि स्तोत्र ९१. तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू नये म्हणून दूत तुला हातांवर झेलतील. हे प्रत्येक चंगाई सभेच्या बॅनरवर असतं. शुभवर्तमानात ही ओळ येशूला कोण म्हणून दाखवतो? सैतान. मंदिराच्या शिरोभागी उभं करून तो म्हणतो, उडी टाक, लिहिलेलं आहेच. आणि येशू म्हणतो, देवाची परीक्षा पाहू नको. इन्सुलिनवर जगणाऱ्या पोराचं पेन परातीत टाकायला लावणं ही मला तीच उडी वाटते. फरक इतकाच की उडी सांगणारा मारत नाही, ऐकणारा मारतो. असा मधुमेह असलेलं मूल इन्सुलिनविना दोन-तीन दिवसांत धापा टाकू लागतं, उलट्या होतात, श्वासाला सडक्या फळासारखा वास येतो. तो वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला पुन्हा विसरता येत नाही. फिटची गोळी एकदम तोडली तर कधी कधी फिट थांबतच नाहीत, एकामागून एक येत राहतात. रक्तदाबाचं तर दुखणंही कळत नाही. आज टाकलेल्या गोळीचा हिशेब सहा महिन्यांनी अर्धांगाने चुकता होतो, तोवर सभा आणि सुवार्तिक दोन्ही पुढच्या गावी गेलेले असतात.

आता आईविषयी लिहिते. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आईला छातीत गाठ लागली तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होते. तिने मला सांगितलं नाही. मुलगी नर्स, तिला सांगितलं की ती ऑपरेशनला नेणार, हे तिला ठाऊक होतं. ती एका सभेला गेली. तिथे तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेल लावलं, एक प्रार्थना केलेला रुमाल दिला आणि सांगितलं, गाठ गेली आहे. डोळ्यांना दिसली तरी ती गेली आहे असंच म्हणायचं, उलट बोललीस तर आशीर्वाद निघून जाईल. आई शब्दाला पक्की होती. आठ महिने ती "गेली आहे" असं म्हणत राहिली. शेजारणीला, पाळकांना, फोनवर मला.

मी सुट्टीवर घरी आले तेव्हा खोलीत शिरताच वास आला. मी तिला आंघोळ घालायला बसवलं. ब्लाउजच्या आतून तो रुमाल सेफ्टी पिनने टोचलेला होता. निघेना. जखमेला चिकटून वाळला होता. मी सलाईनने भिजवत भिजवत, अर्धा तास लावून तो सोडवला. आई एकदाही कण्हली नाही. रुमालाच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने क्रूस भरलेला होता. पुढे ती पाच महिने होती.

ज्यांनी रुमाल दिला त्यांचं नाव मी कधीच कुठे घेतलं नाही, इथेही घेणार नाही. ते शेवटच्या दिवसांत एकदा भेटायला आले, चांगल्या मनाने आले, सफरचंदं घेऊन आले. आईने विचारलं, असं कसं झालं? ते म्हणाले, "बाई, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल." 

गाठ वेळेवर काढली असती तर आई वाचली असती का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. कर्करोगाचं कुणीच सांगू नये. पण त्या एका वाक्याचं सांगू शकते. त्या वाक्यानंतर तिने प्रार्थनेत बरं होणं मागायचं सोडलं आणि माफी मागायला सुरुवात केली. उशाखालच्या वहीत तिने तारखा घालून स्वतःच्या चुका लिहून काढल्या होत्या: कुठल्या साली कुणाशी भांडले, दशमांश कधी चुकवला, पहाटेची प्रार्थना कधी बुडाली. पासष्ट वर्षं गायनात उभी राहिलेली बाई आपल्या कुठल्या पापाने गाठ परत आली ते शोधत मेली. गाठ तर कुठे गेलीच नव्हती.

याकोबाच्या पत्रातलं वचन तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावावं, प्रार्थना करावी. विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील. आता सांगा, इथे विश्वास कुणाचा? प्रार्थना कोण करतंय? वडील. दुखणाइताचं काम एवढंच की माणसं बोलवायची. तो अंथरुणावर आहे, वडिलांनी त्याच्या घरी जायचं आहे, मैदानात गाडी करून त्याने यायचं नाही. विश्वास कमी पडला असा हिशेब मांडायचाच असेल तर या वचनाप्रमाणे तो वडिलांच्या नावे पडतो. सफरचंदं आणणाऱ्याच्या नावे. आईच्या नाही.

आणखी पाहा. पक्षाघाती माणसाला चौघांनी कौलं काढून खाली सोडला. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. फेफरेकरी मुलाचा बाप म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. म्हणजे निम्माच विश्वास, तोही कबूल करून. येशूने त्याला माघारी धाडून पुरता विश्वास घेऊन ये असं सांगितलं का? मुलगा बरा केला. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजाराचं तर विचारूच नका, चार दिवसांच्या मेलेल्या माणसाचा विश्वास किती होता? "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" असं येशू म्हणाला, बऱ्याचदा म्हणाला, पण बऱ्या झालेल्या माणसाला म्हणाला. ते शाबासकीचं वाक्य होतं. ते उलटं करून न बऱ्या झालेल्याच्या तोंडावर त्याने एकदाही मारलेलं नाही. नासरेथचा दाखला निघेल, की अविश्वासामुळे तिथे फार काही करता आलं नाही. तो अविश्वास त्याला हिणवणाऱ्या गावाचा होता. त्या गावातही थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलंच. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी तुमचाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर आलं, कुणाचंही नाही.

पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायला स्टेजवर कुणाची जीभ रेटेल?

पौल लांबचा वाटत असेल तर पंडिता रमाबाई घ्या. १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे त्यांनी या देशातल्या बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात म्हणून साक्ष दिली. त्याच वर्षी पटकीने नवरा गेला होता. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या त्या स्वतः वैद्यकी शिकण्याची इच्छा मनात घेऊन. कानांनी साथ दिली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं त्याच्या गोष्टी तुम्ही आजही सांगता, तासन्‌तास चाललेल्या प्रार्थना, रडणाऱ्या मुली. ते सगळं ज्या बाईच्या अंगणात घडलं तिला नीट ऐकू येत नव्हतं. बहिरेपण गेलं नाही. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. एवढी प्रार्थना करणारी बाई महाराष्ट्रात दुसरी दाखवा, आणि तिच्याही विश्वासात कमी काढा.

देव बरं करतो ही शिकवण आपल्याकडे आजकाल टीव्हीवरून आली असं काही लोक म्हणतात, तेही बरोबर नाही. वऱ्हाड-खानदेशात काम केलेल्या अलायन्स मिशनच्या बोधचिन्हातच ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा असे चार भाग आहेत. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट. पण त्याच काळात दुसरी एक वाटही निघाली होती. अमेरिकेत जॉन अलेक्झांडर डाउई नावाच्या प्रचारकाने झायन नावाचं शहर वसवलं. डॉक्टर नको, औषधाचं दुकान नको, फक्त प्रार्थना. १९०२ साली त्याची तरुण मुलगी भाजून गेली. १९०५ साली त्याला स्वतःला पक्षाघाताचा झटका आला आणि १९०७ साली तो गेला. हे मी त्याला हिणवायला सांगत नाही. मुलीच्या उशाशी बसलेल्या बापाची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, तेवढं मनात आणा.

आपल्या इकडे मिशनने काय केलं? १८८९ साली वॉन्लेस डॉक्टर आले, १८९४ साली मिरजेत त्यांचा दवाखाना उभा राहिला. जामखेडला १९७० साली आरोळे पतिपत्नी आले आणि शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग ओळखायला शिकवलं; १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. ज्या रोगाच्या माणसाला येशूने हात लावला, त्या कुष्ठरोगाला आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या पुरतात. मला त्यात देवाचाच हात दिसतो. तुम्हाला दिसत नसेल तर निदान त्या हाताला परातीत तरी टाकू नका.

आता आमच्या बाजूचंही बोलते, नाहीतर पत्र एकांगी होईल. तुमच्या सभेला माणसं का येतात? आमच्या जुन्या मंडळ्यांत रविवारी आजाऱ्यांची यादी वाचतात, ती अर्ध्या मिनिटात संपते, दोन नावं तर दोन वर्षांपूर्वी वारलेल्यांची असतात. मंडळीचे वडील आजाऱ्याच्या घरी जातात ते निवडणुकीच्या वर्षी. आणि आम्ही दवाखान्यातली माणसं? डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहितो. सिस्टर ओरडते, मीही ओरडले आहे. खासगीत गेलं तर जमीन विकावी लागते. अशा माणसाच्या डोक्यावर तुमच्याकडे कुणीतरी हात ठेवतं, त्याचं नाव विचारतं, त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढतं. आईही त्यासाठीच गेली असणार. हे तुम्ही करता आणि आम्ही करत नाही, याची मला लाज वाटते. हे थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही.

आणखी एक भीती आहे. हे पत्र हातात घेऊन कुणी तुमच्या मांडवावर चाल करून येईल, धर्मांतर आणि जादूटोणा अशा एकाच दमात आरोळ्या देईल. अशा लोकांसाठी मी हे लिहिलेलं नाही. परात प्रत्येकाच्या अंगणात आहे. कुणाच्या अंगणात तिला अंगारा म्हणतात, कुणाच्या अंगणात आणखी काही. घरातलं भांडण घरात मांडते आहे. पण २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि चमत्काराच्या नावावर लोकांना फसवणाऱ्याला तो धर्म विचारत नाही, हेही तुम्हाला ठाऊक असू द्या. उद्या कुणी पोलिसांत गेलं तर "आम्ही फक्त प्रार्थना केली" एवढं म्हणून सुटका होईल असं मला वाटत नाही, परात तिथे असेल तर.

साक्षींचं बोलते. आपण प्रोटेस्टंट लोक बरं होण्यासाठी फ्रान्समधल्या लूर्डच्या तीर्थाला जाणाऱ्या कॅथलिकांना नावं ठेवत वाढलो. पण तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं एक कार्यालय आहे. मी बरा झालो असं म्हणणाऱ्याचे जुने कागद पाहतात, रोग पक्का होता का, बरं होणं एकाएकी आणि पुरतं होतं का, औषधाने झालं असेल का, आणि ते टिकलं का, हे वर्षानुवर्षं तपासतात. सात हजारांहून अधिक लोकांनी तसं सांगितलं. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरीच्या आसपास. आपल्याकडे एका रात्रीत त्याहून जास्त होतात. येशूनेही कुष्ठरोग्यांना सांगितलं होतं, जाऊन याजकाला दाखवा. त्या काळी रोग गेला की नाही हे ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे तपासून घ्या, असंच. ज्याने स्वतः बरं केलं त्याला तपासणीची भीती वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी? साक्ष त्याच रात्री घेऊ नका. सहा महिन्यांनी घ्या, रिपोर्टसह घ्या. खरी असेल तर सहा महिन्यांत ती शिळी होत नाही.

आणि ज्यांना बरं वाटलं नाही त्यांनाही एकदा माईक द्या. एक रात्र त्यांची ठेवा. डायलिसिसवर असून गायनात येणारा आमचा एक पोरगा आहे, त्याला बोलू द्या. बरं न होता विश्वास कसा ठेवायचा हे त्याला जितकं कळतं तितकं तुम्हा-आम्हाला कळत नाही. आईला अशी एखादी साक्ष ऐकायला मिळाली असती तर तिने ती वही लिहिली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

पैशांचं मी लिहिणार नव्हते, पण तेलाच्या बाटल्यांवर "ऐच्छिक दान" म्हणून आकडा छापलेला पाहिला. बऱ्या झालेल्या नामानाकडून लबाडीने पैसे घेणाऱ्या गेहजीची गोष्ट तुमच्या मुलांच्या संडे स्कूलमध्ये पुन्हा एकदा शिकवा, एवढंच म्हणते.

येत्या उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर पुन्हा सभा आहे, पत्रकं वाटून झाली आहेत. माझी मागणी मोठी नाही. प्रार्थना सुरू करण्याआधी माईकवरून एक वाक्य म्हणा: "गोळ्या बंद करू नका, बंद करायच्या की नाही ते डॉक्टरांना विचारा." तीनही रात्री म्हणा, आणि ज्या आवाजात बाकीचं म्हणता त्याच आवाजात म्हणा, पुटपुटू नका. आणि फाटकाच्या आत, लिंबाच्या झाडाखाली मला एक जागा द्या. रक्तदाबाचं यंत्र आणि साखर तपासायचं यंत्र माझं आहे, पट्ट्या मी पेन्शनमधून आणीन. प्रार्थनेला जायच्या आधी ज्याला मोजून घ्यायचं असेल तो घेईल, येताना पुन्हा घेईल. माझं नाव जाहीर करायची गरज नाही. टीबीवाले काकाही माझ्याजवळ बसायला तयार आहेत. त्यांचा कोर्स पुरा झाला आहे, थुंकीचा रिपोर्ट चांगला आला आहे, आणि साक्ष द्यायची त्यांना फार हौस आहे.

टेबल मी घरचं आणते. खुर्च्या तेवढ्या तीन मंडळीच्या लागतील. आणि ती परात स्वयंपाकाकडे परत पाठवा. प्रीतिभोजनाला भात काढायला भांडं पुरत नाही म्हणून बायका दरवर्षी ओरडतात.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतली एक निवृत्त परिचारिका